साहेब बदलला, भाव कुणी ठरवला?



२० जानेवारी २०२५ रोजी डोनाल्ड ट्रम्प यांनी अमेरिकेचे अध्यक्ष म्हणून दुसऱ्यांदा शपथ घेतली. त्या दिवशी आपल्या खानापूर-आटपाडीच्या माळावर शाळूच्या कणसात दाणा भरत होता आणि विदर्भ-मराठवाड्यात कापसाची शेवटची वेचणी चालू होती. त्या शपथेशी आपले काय देणेघेणे, असे कुणीही म्हटले असते. आम्हीही म्हटले. तिकडे कुणी का बसेना, दोन पाऊस वेळेवर पडले म्हणजे झाले, ही आपली जुनी समजूत. पण त्याच वर्षीच्या ऑगस्टात, कापूस पात्याफुलांवर असताना, त्या शपथेचे बिल आपल्या दारात आले. ते कसे आले, कुणी आणून टाकले आणि आपण ते मुकाट्याने का भरावे, याचा विचार या जिल्हा बैठकीत झाला पाहिजे. त्यासाठी हे चार शब्द.

अकरा टक्के आणि अकरा दिवस

आधी घटना क्रमाने पाहू. ७ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेने भारताच्या मालावर २५ टक्के आयात शुल्क बसवले. रशियाचे तेल घेता म्हणून शिक्षा, असे सांगून २७ ऑगस्टपासून आणखी २५ टक्के चढवले. एकूण ५० टक्के झाले. भारतातून बाहेर जाणाऱ्या तयार कपड्यांपैकी सुमारे एक तृतीयांश कपडे अमेरिकेत जातात. तिरुपूरपासून नोएडापर्यंत कारखानदारांच्या पोटात गोळा आला. तो येणे साहजिकच होते.

ज्या दिवशी पहिले २५ टक्के लागू झाले, त्याच ७ ऑगस्टला दिल्लीत डॉ. स्वामिनाथन यांच्या जन्मशताब्दीच्या परिषदेत पंतप्रधानांनी जाहीर शब्द दिला. शेतकरी, पशुपालक आणि मच्छीमार यांच्या हिताशी तडजोड करणार नाही, त्यासाठी व्यक्तिशः किंमत मोजावी लागली तरी मोजीन, असे ते म्हणाले. आपल्यातल्या कित्येकांना बरे वाटले. १८ ऑगस्टला अर्थखात्याने अधिसूचना काढली. परदेशी कापसावर २०२१ पासून जे ११ टक्के आयात शुल्क होते ते १९ ऑगस्टपासून शून्य. आधी मुदत ३० सप्टेंबरची सांगितली. पुढे दहा दिवसांतच ती ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. म्हणजे आपला कापूस बाजारात यायच्या ऐन तिमाहीत दरवाजा सताड उघडा. अकरा टक्क्यांच्या संरक्षणाचा शब्द अकरा दिवस टिकला.

हंगाम सुरू झाला तेव्हा काय झाले ते वेगळे सांगायला नको. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये आणि मध्यम धाग्याचा ७,७१० रुपये कागदावर होता. बाजारात मात्र ठिकठिकाणी व्यापारी त्याच्या खाली मागत होते. सप्टेंबरच्या अतिवृष्टीने बोंडे भिजली होती. कापूस महामंडळाच्या केंद्रावर ओलावा १२ टक्क्यांच्या वर निघाला की गाडी परत. त्यात यंदा मोबाईलच्या ॲपवर आधी नाव नोंदवा. ज्याच्याकडे साधा फोन आहे आणि घरी दोन क्विंटल कापूस आहे, तो नोंदणीच्या भानगडीत न पडता खेडा खरेदीवाल्याच्या काट्यावरच जातो.

थोडा हिशेब मांडू. पाच एकर कोरडवाहू कापूस धरा, एकरी तीन क्विंटल उतारा धरा, म्हणजे पंधरा क्विंटल. ८,११० च्या ऐवजी ६,८०० मिळाले तर क्विंटलमागे १,३१० रुपयांचा खड्डा. पंधरा क्विंटलला १९,६५० रुपये. केंद्राचे सन्मानाचे वर्षाला ६,००० आणि राज्याचे नमो सन्मानाचे ६,००० मिळून होतात १२,०००. एका हाताने बारा हजारांचा सन्मान आणि दुसऱ्या हाताने साडेएकोणीस हजारांची कात्री. शिवाय सन्मानाचा फोटो वेगळा.

माग आणि शेत एकाच घरात

यावर आपल्याच विट्यात एक प्रश्न विचारला जातो आणि तो टाळून चालणार नाही. विटा हे मागांचे गाव आहे. मागवाले म्हणतात, 'कापूस स्वस्त झाला तर सूत स्वस्त होईल, माग चालू राहतील, तुमच्याच पोरांना काम मिळेल. मग शुल्क काढले तर बिघडले कुठे?'

आपल्या भागात कापूस थोडा, शाळू आणि बाजरी जास्त. कापसाचा मोठा पसारा विदर्भ, मराठवाडा आणि खानदेशात. म्हणून विट्याच्या माणसाने मागवाल्याची बाजू घ्यावी आणि यवतमाळच्या शेतकऱ्याने स्वतःचे बघावे, असे म्हणणारे भेटतात. आम्हाला हे मान्य नाही, आणि त्याचे कारण आपल्याच तालुक्याच्या इतिहासात आहे.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. खानापूर तालुक्यातले असंख्य गिरणी कामगार गावी परतले. गावात तेव्हा दुष्काळाची चाहूल. गिरणीत पगार नाही आणि रानात पीक नाही, अशा कात्रीत सापडलेल्या याच माणसांनी इथल्या शेतकरी-शेतमजुरांबरोबर मुक्ती संघर्ष चळवळ उभी केली. कापसाचा दोरा विणणारा आणि ज्वारीचे कणीस खुडणारा हे एकाच आईचे दोन लेक आहेत, हे त्या वेळी भाषणातून शिकवावे लागले नाही. ते रोजगार हमीच्या खडीवर एकाच रांगेत बसले होते.

तेव्हा मागाचा आणि शेताचा झगडा लावून देणाऱ्यांना आमचा सवाल आहे. अमेरिकेने शुल्क लावले, त्यात निर्यातदाराचे नुकसान झाले. ते भरून द्यायलाच हवे. पण ते कुणी भरून द्यायचे? देशावर आलेले संकट देशाच्या तिजोरीने झेलायचे असते. सरकारने निर्यातदाराला व्याजात सवलत द्यावी, मागावरच्या कामगाराची बुडालेली पाळी भरून द्यावी, विजेच्या दरात सूट द्यावी. ते न करता शुल्क काढून टाकले म्हणजे काय केले? तिजोरीला फारशी तोशीस नको म्हणून नुकसान कापूसवाल्याच्या खिशातून वळते करून घेतले. कुठल्याही सभागृहात त्यावर मत घेतले नाही. एका कागदावर सही झाली आणि काम झाले.

आणि सूत स्वस्त झाल्याचा फायदा मागावरच्या माणसाच्या मजुरीत उतरतो का, हे विट्यातल्याच कुठल्याही मागावरच्या कामगाराला विचारून पाहा.

तिकडचा शेतकरी आणि तिकडची तिजोरी

आता ज्यांच्या साहेबाने हे सगळे केले, त्यांनी आपल्या शेतकऱ्याचे काय केले ते पाहू.

ट्रम्प यांच्या शुल्कयुद्धाने तिकडच्या शेतकऱ्यालाही चटके बसले. चीनने अमेरिकेच्या सोयाबीनकडे आणि ज्वारीकडे पाठ फिरवली. अमेरिकेची ज्वारी मुख्यतः चीनच विकत घेत असे. खते आणि यंत्रे महागली. तेव्हा डिसेंबर २०२५ मध्ये तिकडच्या सरकारने शेतकऱ्यांसाठी १२ अब्ज डॉलरची मदत जाहीर केली. त्यात कापूस आणि ज्वारी ही दोन्ही पिके आहेत. त्याआधी ४ जुलै २०२५ च्या कायद्याने सरकीसकट कापसाचा आधारभाव पौंडाला ३६.७ सेंटवरून ४२ सेंट केला. आपल्या मापात आणि त्या वेळच्या डॉलरच्या भावात हा क्विंटलला साधारण आठ हजार रुपये होतो.

वाचून चमकलात ना? आठ हजार म्हणजे जवळपास आपल्या हमीभावाएवढाच. मग फरक कुठे? फरक असा की तिकडे बाजारभाव त्या आकड्याच्या खाली गेला की मधला फरक, ठरलेल्या जुन्या क्षेत्राच्या हिशेबाने, सरकार शेतकऱ्याच्या खात्यावर टाकते. आपल्याकडे बाजारभाव हमीभावाच्या खाली गेला की सरकार केंद्र उघडते, केंद्रावर ओलावा मोजतात, आणि उरलेले आपण आणि आपले नशीब. त्यांचा आकडा कायद्याने बांधलेला, आपला आकडा पेपरात छापलेला.

पण तिकडे सगळेच गोड आहे असेही आम्ही म्हणत नाही. तिथली मदत एकराच्या हिशेबाने मिळते. ज्याचे एकर जास्त त्याला गड्डा मोठा, लहान शेतकऱ्याच्या हाती तुकडा. तिथलाही लहान शेतकरी कर्जात आहे. तो आपला वैरी नाही, हे पक्के ध्यानात ठेवा. त्याच्या तिजोरीने त्याच्या मालाला दिलेला टेकू जेव्हा आपल्या बाजारात उतरतो आणि आपल्या सरकारने आपला टेकू आधीच काढलेला असतो, तेव्हा आपण आडवे होतो. ही लढत शेतकऱ्याची शेतकऱ्याशी नाही, एका तिजोरीची दुसऱ्या रिकाम्या खिशाशी आहे.

आधीचे साहेब

अमेरिकेत अध्यक्ष बदलला आणि आपल्या कापसाला हिसका बसला, ही काही पहिली वेळ नाही.

१८६१ च्या मार्चमध्ये लिंकन अध्यक्ष झाले आणि एप्रिलमध्ये तिकडे यादवी युद्ध पेटले. गुलामांच्या घामावर पिकणारा दक्षिणेतला कापूस इंग्लंडला पोचेना. मुंबईत कापसाचे भाव आभाळाला भिडले. सावकाराने सढळ हाताने कर्ज दिले, कापसाची लागवड वाढली. १८६५ ला युद्ध संपले आणि भाव कोसळले. त्यावर कंपनी गेल्यानंतरच्या राणीच्या सरकारने शेतसारा वाढवला. दहा वर्षांत काय झाले ते आपल्या आज्या-पणज्यांनी पाहिले. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यात सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. नगर जिल्ह्यात ते लोण पसरले आणि त्या वेळच्या सातारा जिल्ह्यात कोकरूडलाही ठिणगी पडली. त्या उठावानंतर १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. गुलामी मोडायची लढाई न्यायाचीच होती, त्याबद्दल दुमत नाही. पण तिचा खर्च दख्खनच्या कुणब्याच्या नावावर टाकताना त्याला कुणी विचारले नव्हते.

१९३३ ला महामंदीच्या तळाशी रूझवेल्ट आले. ते गरिबांचे वाली म्हणून आजही ओळखले जातात आणि त्यांनी मोठी कामे केलीही. कापसाचे भाव सावरायला त्यांच्या सरकारने त्या उन्हाळ्यात उभ्या पिकाचे सुमारे १ कोटी एकर नांगरून काढायला लावले आणि त्याचे पैसे दिले. भाव वाढले. पण पैसे गेले जमीनमालकाच्या हाती. वाट्याने कसणारी काळी आणि गोरी कुळे रस्त्यावर आली. मग १९३४ च्या जुलैत आर्कन्सा राज्यात त्या कुळांनी, काळ्या-गोऱ्यांनी एकत्र येऊन, आपली संघटना काढली. चांगला साहेब आला म्हणून कुळाचे भले आपोआप झाले नाही.

आणि तिसरी गोष्ट तर आपल्या डोळ्यांदेखतची. सप्टेंबर २००८ मध्ये अमेरिकेतल्या बँका बसल्या. २० जानेवारी २००९ रोजी ओबामा अध्यक्ष झाले. इथेही अनेकांना वाटले, काळ्या माणसाच्या घरातला माणूस आला, आता गरिबाचे दिवस येतील. खरे सांगायचे तर आम्हालाही ती आशा वाटली होती. बँकांना वाचवण्यासाठी ७०० अब्ज डॉलरचा कायदा आधीच झाला होता, त्यावर ७८७ अब्ज डॉलरचे नवे पॅकेज आले. जगात कापसाचे भाव पडले होते. त्या वर्षी आपल्याकडे निवडणूक तोंडावर होती म्हणून लांब धाग्याचा हमीभाव २,०३० वरून एकदम ३,००० केला होता आणि महामंडळाला सुमारे ८९ लाख गाठी घ्याव्या लागल्या. सरकारला मनात आणले तर घेता येते, हे त्या वर्षी सिद्ध झाले. पण पुढच्याच वर्षी भाव चढू लागले तेव्हा १९ एप्रिल २०१० ला निर्यात थांबवली. भाव पडला की 'बाजाराचा नियम', भाव चढला की 'देशाचे हित'. दोन्हीकडून आपण चेपलेले.

त्याच ओबामांच्या काळातली एक गोष्ट तर सोन्याच्या अक्षरांत लिहून ठेवावी. अमेरिकेच्या कापूस अनुदानाविरुद्ध ब्राझीलने २००२ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत दावा लावला आणि जिंकला. अनुदान कमी करा, असा निकाल. अमेरिकेने काय करावे? अनुदान तसेच ठेवले आणि २०१० पासून ब्राझीलच्याच कापूस शेतकऱ्यांच्या संस्थेला वर्षाला १४ कोटी ७३ लाख डॉलर देण्याचा करार केला! २०१४ मध्ये आणखी ३० कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटवले. म्हणजे तिकडच्या सरकारला स्वतःच्या शेतकऱ्याचा टेकू काढण्यापेक्षा परक्या शेतकऱ्याचे तोंड बंद करणे स्वस्त पडले. बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या आफ्रिकेतल्या गरीब देशांनीही २००३ पासून हीच तक्रार लावून धरली होती. त्यांना असा पैसा मिळाला नाही. ब्राझीलला का मिळाला? ब्राझीलने दावा लढवला आणि अमेरिकेच्या मालावर उलट शुल्क लावायची तयारी दाखवली म्हणून.

लिंकन, रूझवेल्ट आणि ओबामा ही तर चांगल्यातली नावे. तरी ज्याची संघटना नव्हती त्याच्या पदरात काही पडले नाही. मग ट्रम्प यांच्याकडून, किंवा ट्रम्प जाऊन दुसरा कुणी आल्यावर त्याच्याकडून, आपण काय अपेक्षा करावी?

आता पाळी ज्वारीची

कापसाचे झाले, आता शाळूवाल्यांनी कान टवकारावेत. फेब्रुवारी २०२६ च्या पहिल्या आठवड्यात भारत आणि अमेरिका यांचे संयुक्त निवेदन निघाले. अमेरिकेने शुल्क १८ टक्क्यांवर आणायचे आणि त्या बदल्यात भारताने ज्या मालावरचे शुल्क काढायचे किंवा कमी करायचे, त्याच्या यादीत जनावरांच्या खाद्यासाठी लाल ज्वारी हे नाव स्पष्ट आहे. सोबत मक्यापासून मद्यार्क काढल्यावर उरणारा चोथा आहे आणि सोयाबीनचे तेल आहे. चीनने घेणे सोडलेली ज्वारी कुठे तरी खपवायला हवीच ना?

पुढे २० फेब्रुवारी २०२६ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ट्रम्प यांनी त्या कायद्याखाली लावलेली शुल्केच बेकायदा ठरवली आणि त्यांनी लगेच दुसऱ्या कायद्याचा आधार शोधला. म्हणजे ज्या काठीला घाबरून आपण कबूल झालो ती काठीच खोटी होती, असे त्यांच्याच न्यायालयाने सांगितले. कबूल केलेली यादी मात्र कागदावर चढलेली.

काही जण म्हणतील, लाल ज्वारी कोंबड्यांना घालतात, आपली मालदांडी माणसे खातात, त्यांचा काय संबंध? संबंध असा. अमेरिकेत ज्वारीचा आधारभाव नव्या कायद्याने बुशेलला ४.४० डॉलर झाला, म्हणजे क्विंटलला सुमारे १,५०० रुपये. आपल्या संकरित ज्वारीचा २०२५-२६ चा हमीभाव ३,६९९ आणि मालदांडीचा ३,७४९. निम्म्याहून कमी भावाचे धान्य खाद्यात शिरले की आधी मका पडतो, मग खरिपाची संकरित ज्वारी पडते, चोथा आला की सोयाबीनची पेंड पडते. आणि आडतीवर बसलेला माणूस शाळूचा भाव बोलताना शेजारच्या पोत्याचा भाव बघूनच बोलतो.

विट्याच्या आसपास पोल्ट्रीवाले आहेत, त्यांना खाद्य स्वस्त हवे. त्यांचेही खोटे नाही. त्यांचा प्रश्न मागवाल्यासारखाच आहे आणि आमचे उत्तरही तेच. एका कष्टकऱ्याचा खर्च कमी करायला दुसऱ्याचे पीक मातीमोल करायचे नाही. आणि शाळूचे अर्धे मोल कडब्यात असते, हे दिल्लीच्या हिशेबात येत नाही. भाव नाही म्हणून शाळू पेरणे कमी झाले तर माणदेशाच्या जनावरांनी काय खायचे? अमेरिकेची लाल ज्वारी जहाजातून येईल, कडबा येणार नाही.

त्याच फेब्रुवारीत बांगलादेशनेही अमेरिकेशी करार केला. अमेरिकेचा कापूस वापरून शिवलेल्या कपड्यांना ठरलेल्या मर्यादेपर्यंत शुल्क नाही. आपल्या कापसाचे आणि सुताचे मोठे गिऱ्हाईक बांगलादेश आहे. गिऱ्हाईकही असे खेचले जाते.

घरचे नवे सरकार

नव्या साहेबाची वाट पाहण्याची खोड फक्त वॉशिंग्टनपुरती नाही. २०२४ च्या विधानसभेच्या प्रचारात महायुतीने कर्जमाफीचे वचन दिले. ५ डिसेंबर २०२४ ला नवे सरकार बसले. २८ मार्च २०२५ ला तेव्हाचे उपमुख्यमंत्री आणि अर्थमंत्री बारामतीत म्हणाले, ३१ मार्चच्या आत पीककर्ज भरून टाका. ऑक्टोबरच्या अखेरीस नागपूरला शेतकरी रस्त्यावर बसले, महामार्ग अडला, तेव्हा ३० जून २०२६ पर्यंत निर्णय घेऊ असे मुख्यमंत्र्यांनी सांगितले. तारीख मिळाली ती जाहीरनाम्यामुळे नाही, रस्त्यावर बसल्यामुळे.

२००८ ची कर्जमाफी आठवा. पूर्ण माफी दोन हेक्टरपर्यंत. बागायती दोन हेक्टरवाला बसला आणि खडकाळ सहा-सात एकरवाला, ज्याच्या रानात कुसळे उगवतात, तो बाहेर राहिला. कोरडवाहूच्या माणसाने तेव्हा एकत्र येऊन मापदंड बदलून घेतला नाही. या वेळी ती चूक नको.

आमचे म्हणणे

आपल्या भागाला दुसऱ्याची वाट न पाहण्याची सवय पूर्वी होती. १९४२ ते १९४६ या काळात याच मुलखात, कुंडलच्या परिसरात, प्रतिसरकार चालले. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या मागे उभ्या राहिलेल्या माणसांनी गावोगाव न्याय दिला, सावकाराला वेसण घातली. १९८० च्या दशकाच्या अखेरीस बलवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी येरळेची वाळू ठेकेदाराला न लुटू देता स्वतः थोडी विकली आणि त्या पैशातून बळीराजा धरण बांधले. पाणी जमिनीच्या मापाने न वाटता माणसांना वाटायचे, हे ठरवले. १९९३ पासून आटपाडीच्या पाणी परिषदांनी समान वाटपाची मागणी धरून ठेवली आणि टेंभूचे पाणी आले. ते कुणा साहेबाच्या मेहेरबानीने आले नाही, आणि समान वाटपाचे काम अजून पुरे झालेले नाही.

म्हणून या बैठकीपुढे आम्ही पुढील मागण्या ठेवत आहोत.

१) ऑक्टोबर ते मार्च या काळात कापूस, ज्वारी, मका, सोयाबीन यांच्या आयात शुल्काला लोकसभेत चर्चा झाल्याशिवाय हात लावू नये.

२) शुल्क काढले तर त्या हंगामात हमीभाव आणि बाजारभाव यातला फरक सरकारने ई-पीक पाहणीच्या नोंदीवरून थेट खात्यावर भरावा. मध्य प्रदेशात २०१७ ला फरक देण्याची योजना आली तेव्हा व्यापाऱ्यांनी भाव मुद्दाम पाडल्याच्या तक्रारी झाल्या. म्हणून फरकाबरोबर सरकारी खरेदीही चालू हवी.

३) निर्यात बुडाल्याची भरपाई तिजोरीतून द्यावी आणि त्यात मागावरच्या कामगाराच्या मजुरीचा वाटा आधी ठरवावा.

४) मालदांडीची हमीभावाने खरेदी करून ती याच जिल्ह्यांतल्या रेशनवर द्यावी.

५) टेंभूच्या पाण्यात शाळूला आणि कापसाला एक-दोन संरक्षक पाळ्यांचा हक्क असावा, कुटुंबामागे, उसाच्या एकरामागे नव्हे.

६) कुठल्याही व्यापार कराराचा शेतीविषयक मसुदा सही होण्याआधी मराठीत छापून ग्रामसभांपुढे ठेवावा.

सहावी मागणी वाचून कुणी हसेल. हसू द्या. आपले सोयाबीन, आपली ज्वारी ज्या कागदावर मोजली जाते तो कागद आपल्याला वाचता येऊ नये, याचेच खरे तर हसू यायला हवे.

मागण्या लिहून काम भागत नाही. प्रत्येक गावाने एक वही घालावी. या हंगामात ज्याने कापूस, ज्वारी, मका विकला त्याने आडतीची पट्टी आणून दाखवावी. तारीख, वजन, मिळालेला भाव आणि हमीभाव यांची नोंद करावी. शेवटच्या रकान्यात फरक लिहावा आणि गावाची बेरीज करावी. खेडा खरेदीत पट्टी मिळाली नसेल तर दोन शेजाऱ्यांच्या सह्या घ्याव्यात. कारभारणीच्या नावावर रान असेल तर नोंद तिच्या नावाने व्हावी. गावाची बेरीज तालुक्याला, तालुक्याची जिल्ह्याला. ब्राझीलने दावा जिंकला तो आकड्यांवर जिंकला. आपल्या तोंडी तक्रारीला मंत्री चहा पाजतात. वही टेबलावर ठेवली तर त्यांना उत्तर द्यावे लागेल.

वॉशिंग्टनला पुन्हा नवा अध्यक्ष येईल. दिल्लीत, मुंबईतही नवे येतील. कुणाच्या शपथेला टाळ्या वाजवायच्या ते ज्याचे त्याने ठरवावे. पण येत्या बैठकीला येताना आपल्या गावाची वही घेऊन या. रिकामी आणू नका.